चार टॅब, एक एंटर

"भूषण, ही पट्टी उडवा." शेखर सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाला चिवड्याचं तेल होतं. "ही वरची. फुली, वजाबाकीचं चिन्हबिन्ह असतं ती."

"सर, ती उडवली तर विंडो हलवता येणार नाही."

"हलवायची कशाला? सॉफ्टवेअर आहे, भाजीची गाडी नाही."

इंदिरानगरातल्या त्या ऑफिसात बुद्धभूषण बारा वर्षं हेच करत होता. विंडो किती रुंद, किती उंच, पडद्यावर कुठं उभी राहणार, तिला कडा असणार की नाही. लोक याला प्रोग्रॅमिंग म्हणत. तो मनातल्या मनात फर्निचर सरकवणं म्हणे. शेखर सर वयानं त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि त्याच्या नावातला 'बुद्ध' त्यांनी पहिल्याच आठवड्यात, न विचारता, आत्ता पट्टी उडवत होते तसाच उडवला होता.

गिऱ्हाईक होतं सुरगाण्याकडचं एका संस्थेचं धर्मादाय हॉस्पिटल. अध्यक्ष देवराम अण्णा उद्घाटनाला येणार होते. म्हणून विंडो पूर्ण पडदाभर हवी होती, लहान-मोठी न होणारी, आणि जराशी पारदर्शक. मागं अण्णांचा हात जोडलेला फोटो दिसला पाहिजे.

"सर, तिथं केसपेपरच्या खिडकीवर लंकाबाई आहेत. त्यांच्या मॉनिटरचा उजवीकडचा भाग काळा पडलाय. त्या विंडो लहान करून डावीकडं लावतात. विंडो शेवटी जिथं ठेवली तिथंच परत उघडावी, अशी सोय मी केलीय."

"मग नवा मॉनिटर मागायचा."

"तीन वर्षं मागतायत."

"प्रोसेस चालू असेल." सरांनी बोट रुमालाला पुसलं. "आणि बघा भूषण, लूक एकसारखा पाहिजे. प्रत्येक बाईच्या सोयीनं विंडो उघडायला लागली तर ब्रँडिंग काय राहिलं?"

ब्रँडिंग म्हणजे फिकट भगव्या रंगाची एक छटा आणि सरांच्या मेव्हण्यानं लोगो म्हणून काढलेलं एक झाडाचं पान. बुद्धभूषणला सरांची कीव आली नाही, रागही आला नाही. नळाच्या तोटीत पाल दिसावी तसं काहीसं वाटलं. आणि मग त्यानं सांगितलेलं सगळं केलं. तीन ओळींचं काम. तेही नीटनेटकं, वर टीप लिहून. स्वतःबद्दल त्याचं मत सरांबद्दलच्या मतापेक्षा फार वेगळं नव्हतं.

उद्घाटन झालं. अण्णांनी टीव्हीएवढ्या मोठ्या स्क्रीनला हार घातला, हाराखाली अर्धं सॉफ्टवेअर झाकलं गेलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरगाण्याहून फोन.

"सायेब, लंकाबाई बोलते. बटन गेलं."

"कुठलं?"

"जतन करायचं. काळ्यात गेलं. आन विंडो धरून वढाया काय बी नाय. लाइन लागलीय, लोक बोंबलत्यात."

लंकाबाई आधी तिथं आयाबाई होत्या. चौथीपर्यंत शाळा. फरशी पुसता पुसता एक एक अक्षर दाबत टायपिंग शिकल्या आणि तीन वर्षांपूर्वी खुर्चीवर बसल्या. संस्थेनं बजावून ठेवलं होतं: दिवसाला पन्नास नोंदी झाल्या नाहीत, तर परत फडकं.

"लंकाबाई, माऊस सोडा. शेवटचा चौकोन भरला की टॅब दाबा. चार वेळा. मग एंटर."

"दिसायचं तर काय बी नाय मंग."

"नाही दिसणार. मोजायचं."

पलीकडं चार टकटक आणि एक मोठा ठोका ऐकू आला. चौकोन रिकामे झाले, म्हणजे नोंद गेली. "झालं वो!" लंकाबाई म्हणाल्या.

आठवड्यात ती एक रीतच पडली. फोनवर बुद्धभूषणला मागून रांगेचा आवाज यायचा: एक, दोन, तीन, चार, आन् एंटर! पोटदुखीवाले, तापवाले, कडेवरच्या पोरांसकट सगळे मोजायचे. लंकाबाई हसत सांगायच्या, "पेशंट पार शाळेत घातलेत मी." एका बुधवारी बासष्ट नोंदी झाल्या.

त्या गुरुवारी शेखर सरांना कल्पना सुचली. अण्णांचा रोजचा सुविचार फॉर्मवर पाहिजे. एक बटण, बस. 'अण्णांचा संदेश'.

"कुठं टाकू, सर?"

"दर्शनी जागी. बाकीच्या बटणांच्या आधी."

बुद्धभूषणनं टाकलं. लंकाबाईंना फोन करायचा, आता चार नाही पाच, हे त्याच्या डोक्यात होतं. मग चहा आला. मग सर आले, संदेशाचा फॉन्ट जाड करा म्हणाले. फोन राहिला.

शुक्रवारी सुरगाण्यात चार टॅब पडत होते ते 'जतन करा'च्या एक बटण अलीकडं, 'रद्द करा'वर. रद्द केलं तरी चौकोन रिकामेच होतात. रांगेनं दिवसभर मोजलं. संध्याकाळी नोंदी शून्य.

त्यानं सरांना लेखी कळवलं: चूक माझी, बाईंची नाही, नोंदी कागदावरून परत भरता येतील. सरांनी वाचून मान हलवली.

"भूषण, एवढं मनाला लावून घेऊ नका. सॉफ्टवेअर चुकत नसतं. युजर चुकतो."

पत्र पुढं संस्थेकडं गेलंच नाही. लंकाबाईंची खुर्ची मात्र गेली.

दहा दिवसांनी नव्या ऑपरेटरच्या ट्रेनिंगला बुद्धभूषण सुरगाण्याला गेला. येताना त्यानं सुरगाण्यापुरती वरची पट्टी परत लावली होती, विंडो लहान-मोठी होण्याची सोय, आणि जिथं ठेवली तिथंच उघडण्याची ओळही. कुणाला विचारलं नव्हतं. बारा वर्षांतलं त्याचं पहिलं बंड, आणि तेही पिशवीतल्या पेनड्राइव्हवर.

खुर्चीवर देवराम अण्णांचा भाचा होता. समोर नवा कोरा मॉनिटर, पातळ, भला रुंद. प्रोसेस चार दिवसांत पूर्ण झाली होती.

व्हरांड्यात लंकाबाई फरशी पुसत होत्या. त्याला पाहून उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले.

"सायेब, मी चारच दाबलं वो. रोजच्यावानी."

"पाच करायचे होते. माझं सांगायचं राहिलं."

"पाच व्हय," लंकाबाई म्हणाल्या. "पाच बी मोजता येत होतं मला."

त्यानं आत जाऊन प्रोग्रॅम चालू केला. विंडो उघडली ती डावीकडं, अरुंद, जिथं लंकाबाईंनी ती शेवटची ठेवली होती तिथं. उजवीकडं मॉनिटरचा अर्धा भाग मोकळा, स्वच्छ, उजळ.

"हे असं कोपऱ्यात काय बसलंय?" भाचा हसला. त्यानं विंडोचा कोपरा माऊसनं पकडला आणि एका ओढीत ती पडदाभर केली.

बुद्धभूषणची ओळ प्रामाणिक होती. तिनं जुनं माप पुसलं आणि नवं लिहून घेतलं. बाहेर बादलीत फडकं पिळल्याचा आवाज आला.