चार जागांचं विमान

ब्लूज गिटार वाजवणारा आमचा दाढीवाला विमान पडून गेला, त्याला वर्ष झालं म्हणून क्लबात सभा भरली. हयातीत त्याला मागच्या दारानं आत घेणारा क्लबमालक डोळे पुसत म्हणाला, "मीही त्याच विमानात बसणार होतो, ऐनवेळी पोट बिघडलं!" मग ड्रमवाल्याची मावशी आजारी पडली, न्हाव्याला जाग आली नाही, बघता बघता अख्खं सभागृह त्या चार जागांच्या विमानातून वाचलं.

भावाचं वाजवणं कुणीतरी आठवेल, या आशेनं थोरली बहीण त्याची गिटार मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली.

"बसायचं होतं की रे मेल्यांनो सगळ्यांनी! एवढ्या वजनानं ते उडालंच नसतं, माझा भाऊ घरी आला असता!"