समजून बोलणारं पाखरू

"पाणी—"

"गप! एकदम गप!" थोरल्याने ओसरीवरून दोन्ही हात असे उडवले, जणू धाकटीने घरात जळतं लाकूडच फेकलं होतं. "पिंजऱ्यापुढं तो शब्द काढायचा नाही, कितीदा सांगू? समोर आहे का ते? दिसतंय का कुठं?"

"दिसत नाही म्हणूनच तर मागायला आले, भावजी. मिरची फुलावर आहे. फुलं गळायला लागलीत. आज पाळी माझी आहे."

"इंजिन बिघडलंय," थोरला म्हणाला आणि वर जांभई दिली.

धाकटी खांद्यावरचं फावडं न उतरवताच वळली. भिंतीवरच्या खुंटीला इंजिनाचं हँडल लटकत होतं. तेल लावलेलं, पुसलेलं, चकचकीत. बिघडलेल्या इंजिनाचं हँडल एवढं चकचकीत असतं होय? पण हे बोलायचं कुणापुढं? पिंजऱ्यातलं पाखरू मान वाकडी करून तिच्याकडे बघत होतं. त्या घरात तिच्याकडे नीट बघणारं तेवढं एकच होतं.

विहीर सासऱ्याने खणलेली, इंजिन दोघा भावांनी मिळून घेतलेलं. धाकटा होता तोवर एक दिवस याचा, एक दिवस त्याचा, असं बिनबोभाट चाललं होतं. धाकटा वारला आणि हँडल थोरल्याच्या ओसरीवर आलं. ते परत विहिरीवर गेलं ते फक्त थोरल्याच्या पाळीला. धाकटीच्या पाळीला इंजिन न चुकता बिघडायचं. पट्टा सुटला की डिझेलमध्ये कचरा गेला, ते कधी कळायचं नाही, नुसतंच बिघडायचं. तिने एकदा गिरणीवाल्याला मध्ये घातलं. गिरणीवाला गावातला वजनदार माणूस, पण त्याच्यापुढे थोरल्याने छाती ठोकून सांगितलं, "मी तिला पाणी देतो. तिलाच वाफ्यांना पाणी वळवायचा, दारं धरायचा कंटाळा. पाटाकडे बघत नाही, मग रान वाळणार नाही तर काय?" गिरणीवाल्याने दोघांकडे बघितलं आणि मधलंच काहीतरी बोलून तो उठला. तेव्हापासून गावात धाकटी आळशी ठरली. पहाटे उठून घागरींनी रोपं जगवणारी बाई आळशी, आणि ओसरीवर पाय पसरून पाखराशी गुलुगुलु बोलणारा बाप्या कष्टाळू! गावाच्या अकलेचं हेच तर आहे.

पाखराचं खूळ थोरल्याच्या डोक्यात भरवलं ते तालुक्याच्या बाजारातल्या एका पाखरवाल्याने. तो म्हणाला, बोलणारे पोपट पैशाला पासरी मिळतात, पण समजून बोलणारा एखादाच. त्याला शिकवायची रीत वेगळी. वस्तू समोर असेल तेव्हाच शब्द काढायचा. शब्द काढला की वस्तू दाखवायची. एक शब्दही उगीच म्हणून कानावर पडता कामा नये. पडला तर केलेली मेहनत मातीत गेली.

झालं. ज्याने जन्मात कुठल्या कामाची रीत पाळली नाही, त्याने ही रीत डोक्यावर घेतली. शेतातलं तण गुडघ्यापर्यंत आलं तरी चालेल, पण पिंजऱ्यापुढं शब्द चुकता कामा नये. घरात कुणी "मीठ" म्हणालं की मिठाची बरणी उचलून पाखराला दाखवावी लागायची. एकदा दूध उतू जात होतं. थोरल्याची बायको, थोरली, ओसरीवर होती, दूध चुलीवर. "दूध उतू चाललं" म्हणावं तर दूध पाखराला दिसत नव्हतं. बिचारी तोंडावर हात धरून पळाली. तोवर पातेलं करपलं. करपल्याबद्दल शिव्या खाल्ल्या त्याही खुणांनी, कारण शिव्यांसाठीही काहीतरी समोर दाखवावं लागलं असतं! शेवटी थोरलीने बोलणंच टाकलं. मान हलवायची, हात हलवायचे, बस्स. गावाने थोरल्याचं नाव 'गुरुजी' ठेवलं. त्याला वाटलं, मान मिळाला.

आणि हा गुरुजी दिवसभर काय करायचा? वाटीत धार धरायचा आणि म्हणायचा, "पाणी." वाटी ओतून द्यायची, परत धार धरायची, "पाणी." ओसरीखाली चिखल झाला होता. त्या चिखलात आपोआप उगवलेलं गवत धाकटीच्या मिरचीपेक्षा हिरवं होतं.

एके दिवशी गावात बोभाटा झाला, की तो पाखरवाला स्वतः येतोय. पाखरू पसंत पडलं तर शहरात पाखरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं गुरुजी आणि पाखरू दोघांना मांडवात बसवणार. थोरल्याने दाढी केली, नवं धोतर काढलं आणि तो सकाळपासून गावात सांगत फिरला. दिवस धाकटीच्या पाळीचा होता. ती वाट बघून विहिरीवर गेली, तर इंजिन धडधडत होतं! थोरल्याचा गडी आरामात दारं धरत बसला होता, आणि पाणी सगळं थोरल्याच्या रानात चाललं होतं.

"मालक म्हणाले, आज पाहुणे येणार, हिरवंगार दिसलं पाहिजे," गडी खाली मान घालून म्हणाला.

धाकटीचं डोकं फिरलं. तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि रानाला लागूनच असलेल्या थोरल्याच्या घराची वाट धरली. मनाशी पक्कं ठरवलं होतं. पाणी मागायचं नाही. मागून कुणाचं भलं झालंय? सरळ पिंजऱ्यापुढं उभं राहायचं आणि पाहुण्यादेखत घसा फुटेपर्यंत ओरडायचं, "पाणी, पाणी, पाणी!" पाण्याचा एक थेंब समोर नसताना. नासू दे पाखरू. माझं रान नासलं, याचं पाखरू नासू दे. उगाच कुणाच्या मुक्या जिवाचं वाईट करू नये, हे तिला कळत होतं. पण ते पाखरू मुकं कुठं होतं?

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. पाखरवाला खुर्चीवर, गिरणीवाला त्याच्या शेजारी बाजेवर, थोरली दाराआड. खेळ ऐन रंगात आला होता.

पाखरवाल्याने मिरची दाखवली. "मिरची," पाखरू म्हणालं. त्याने वाटीत धार धरली. "पाणी." कुत्रं अंगणात आलं. "हाड!" लोक हसले. मग पाखरवाल्याने रिकामी वाटी पुढे केली. पाखराने वाटीकडे बघितलं, वाटी देणाऱ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बघा!" थोरला उभा राहिला. "रिकामी वाटी! दुसऱ्याचा पोपट असता तर पाणी-पाणी करत बसला असता. हे पाखरू समोर नाही ते बोलत नाही. माझ्या घरात खोटा शब्द नाही, साहेब!"

तेवढ्यात धाकटी गर्दीतून वाट काढत पिंजऱ्यापुढं आली. थोरला पाहुण्याकडे वळलेला होता, त्याचं लक्षच नव्हतं. तिने ओरडायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत पाखरू म्हणालं,

"इंजिन बिघडलंय."

आवाज हुबेहूब थोरल्याचा. एवढंच नाही, वर एक जांभईही दिली.

अंगण शांत झालं. त्या शांततेत रानातून इंजिनाची धडधड स्वच्छ ऐकू आली.

"हे काय?" पाखरवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "इंजिन तर चालू आहे. आणि समोर इंजिनही नाही. हे उगीच बोललं, गुरुजी. म्हणजे समज नाही. नुसतं ऐकलेलं बडबडतंय."

तो उठायला लागला. थोरल्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "नाही, नाही, साहेब! माझं पाखरू उगीच बोलत नाही!"

धाकटीला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं. ओरडायचं ती विसरूनच गेली. "बसा हो पाहुणे," ती म्हणाली, "पाखराला समज आहे. तुमच्या गुरुजीपेक्षा जास्त आहे. ते इंजिनाला बघून नाही बोललं. मला बघून बोललं."

"तुला बघून?" गिरणीवाल्याने मान वर केली.

"मागं सरा बरं सगळे." ती अंगणाबाहेर गेली. पाखरू गप्प. ती परत आली. "इंजिन बिघडलंय." जांभईसकट. पाखरवाला चमकला. त्याने तिच्याकडून फावडं घेऊन गिरणीवाल्याच्या खांद्यावर दिलं आणि त्याला चालवत आणलं. पाखरू गप्प. थोरलीला आणलं, पाखरू गप्प. धाकटी फावड्याशिवाय आली. पाखराने मान वाकडी केली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि गप्प राहिलं. फावडं खांद्यावर टाकून ती परत आली.

"इंजिन बिघडलंय!"

"अरे वा!" पाखरवाल्याने मांडीवर थाप मारली. "बाई पाहिजे, फावडं पाहिजे आणि दोन्ही एकत्र पाहिजे. असं पाखरू मी जन्मात पाहिलं नाही. पण गुरुजी, हे पक्कं बसायला तेच माणूस, तसंच, दर वेळी समोर असायला हवं, आणि दर वेळी तोच शब्द. एकदाही दुसरा नाही. कसं जमवलंत?"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता, खोकला असता, पाहुण्याला आत चहाला नेलं असतं. पण कौतुकाचा वारा लागला की थोरल्याला तिळभरही भान राहत नसे. त्याने मिशीवरून हात फिरवला.

"रीत पाळली, साहेब! ही फावडं घेऊन आली रे आली की एकच शब्द. पावसाळा गेल्यापासून एक पाळी चुकवली नाही. कधी हिला दुसरं काही म्हणालो असेन तर विचारा हिलाच!"

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "दुसरं कधीच काही म्हणाले नाहीत."

मग सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी थोरल्यावर गेल्या. इंजिन आपलं धडधडतच होतं. गिरणीवाला सावकाश उठला. "म्हणजे एक पाळी चुकवली नाहीस होय? आणि मला काय म्हणाला होतास? मी पाणी देतो, हिलाच कंटाळा?"

एवढा शब्द जपणारा माणूस, त्याला त्या घटकेला एक शब्द सापडेना.

तो सापडला थोरलीला. ती दाराआडून बाहेर आली, अंगण ओलांडून बांधापर्यंत गेली आणि रानाकडे तोंड करून जोरात ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे गाव विसरूनच गेलं होतं. "अरे ए! पाणी फिरव! धाकटीच्या रानात पाणी फिरव! आणि पाळीच्या दिवशी परत इकडं घेतलंस तर तुला आणि तुझ्या मालकाला विहिरीत ढकलीन!" मग ती परतली, इंजिन सुरू करून गड्याने परत खुंटीला लावलेल्या हँडलच्या दोरीची गाठ सोडली आणि हँडल धाकटीच्या हातात दिलं. "तुझ्या पाळीला तूच चालव. मागायला येऊ नकोस. मला बघवत नाही." तिचे डोळे भरून आले होते. धाकटीचेही आले. पण अंगणात रडायची तिला सवय नव्हती, म्हणून ती हँडल घेऊन तशीच रानाकडे चालू पडली.

ऊन उतरलं तेव्हा ती मिरचीत दारं धरून उभी होती. वाफा भरला की ती फावड्याने माती ओढायची, दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडायची. तापलेल्या मातीचा वास येत होता. खाली पडलेली फुलं पाण्यावर तरंगत होती. पण झाडावर अजून कळ्या होत्या, आणि कळ्यांना पाणी पुरे होतं.

बांधावरून थोरला आला. नवं धोतर चिखलात लोळत होतं.

"धाकटे," तो म्हणाला. एवढा गोड आवाज त्याने पाखरासाठी राखून ठेवलेला होता. "साहेबांना पाखरू पसंत पडलं. प्रदर्शनाला बोलावलंय. पण ते म्हणाले, मिरची-पाणी तर कुणीही दाखवतो. खरा खेळ तो फावड्याचा. तर तू एवढं कर. फावडं घेऊन माझ्याबरोबर ये. मांडवात नुसतं उभं राहायचं. तुझंही नाव होईल."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. ती चिडली नाही. चिडावं एवढीही किंमत त्या माणसात तिला दिसली नाही.

"आणि सध्या रोज एकदा ओसरीवर येत जा," तो घाईने म्हणाला. "नाहीतर विसरेल ते. तू यायची नाहीस तर मी त्याच्यापुढं तो शब्द म्हणू तरी कुणाला बघून?"

"मी कशाला येऊ, भावजी?" ती म्हणाली. "माझं इंजिन चांगलं चाललंय."

थोरला तसाच उभा राहिला. पाणी पाटातून आलं, त्याच्या पायांना अडलं आणि बाजूने फुटून बांधाकडे पसरायला लागलं.

"पाय काढा," धाकटी म्हणाली, "वाफा कोरडा राहतोय."

त्याने पाय काढले.