दोन घुगऱ्या

रविवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२४, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे; स्थळ, ढाणकीजवळच्या तांड्यातील भावसिंग यांचे अंगण. वेळेविषयी मी एवढा काटेकोर का, हे पुढे कळेल.

हरभऱ्याच्या मळणीचे यंत्र ठरवण्यासाठी मी तेथे गेलो होतो. तोच भावसिंगांच्या पत्नी सुखीबाई धावत आल्या.

"गुरुजी, टिप्यानं घुगरी गिळली!"

टिप्या हा त्यांचा कुत्रा. बाजेजवळ उकडलेल्या हरभऱ्याची ताटली चाटूनपुसून रिकामी पडली होती. एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसास याहून अधिक पुरावा लागत नाही.

"घुगऱ्या म्हणा," मी सांगितले. "एकच दाणा कोणी गिळत नाही. आणि हरभऱ्याने कुत्रा मरतही नाही."

"एकच गिळली नं! मी कायले खोटं बोलू?"

"मग बाकीच्या कोणी खाल्ल्या?"

"त्यानंच!"

"म्हणजे अनेकवचनच झाले."

भावसिंग तांब्याभर मिठाचे पाणी घेऊन आले. "तुमचं चालू द्या, गुरुजी. मी हे पाजतो, सारं ओकते."

पचण्याजोगे अन्न ओकवणे कसे अतार्किक आहे, हे मी त्यांना साधार पटवीत असता सुखीबाईंनी वैतागून डोक्यावरचा पदर मागे सारला. उजव्या गालाशी, केसांत अडकवलेला चांदीचा लोलक झुलत होता. डाव्या बाजूस नुसता दोरा.

"हे घुगरी! आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत यालेच म्हनतात. घासाले काढली, बाजेवरून ताटलीत पडली. खायच्या त्या तुमच्या!"

साडेआठ वाजले होते. वीस मिनिटे मी एका मुक्या जिवावर व्याकरण चालवले होते. आई मेल्यावर सुखीबाईंनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलेला तो जीव शेपटी हलवीत माझ्याकडेच पाहत होता.

मी उमरखेडच्या पशुवैद्य डॉ. वर्षा यांना फोन लावला. या वेळी एकही शब्द गृहीत धरला नाही: "चांदीचा दागिना, करंगळीच्या पेराएवढा."

"मीठपाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका, खायला काही देऊ नका," त्या म्हणाल्या. "जोडीतला दुसरा घेऊन लगेच या."

भावसिंगांनी तांब्या उकिरड्यावर उपडा केला. ऑटोत टिप्या सुखीबाईंच्या मांडीवर बसला. मला त्यांनी पुढे, चालकाशेजारी बसवले.

एक्स-रेमध्ये लोलक जठरातच दिसला. डॉक्टरांनी दुसरी घुगरी बोटांत फिरवून पाहिली. "टोक कुठेच नाही. आतड्यात उतरायच्या आत ओकवता येईल. पण ते इंजेक्शनचं काम, मिठाचं नव्हे. आणखी उशीर झाला असता, तर कदाचित पोट उघडावं लागलं असतं."

सुखीबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. ते अधिक लागले.

इंजेक्शननंतर थोड्याच वेळात टिप्याने आधी माझ्या घुगऱ्या बाहेर काढल्या, अनेकवचनी आणि बऱ्याचशा अखंड. मागोमाग फरशीवर टणकन पडली ती सुखीबाईंची, एकवचनी.

"घ्या गुरुजी, मोजून घ्या!" भावसिंगांना हसू आवरेना.

निर्दोष ठरण्याची अंधुक आशा बाळगून मी म्हणालो, "म्हणजे दोन्ही अर्थ बरोबरच होते."

नळाखाली घुगरी धूत सुखीबाईंनी निकाल दिला, "टिप्या बरा हाय. चूक तुमची होती."