त्या फोनला हवा कळत नव्हती

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि थंडीत मी अचानक डोळे मिटतो. पण माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर आहे, तो अजून ठणठणीत आहे. त्याला हवेचा दाब कळतो. वर गेले की दाब किंचित कमी होतो, आणि ते मला लगेच समजते.

या एका गुणामुळे पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी मला निवडले. आकाशात तरंगताना आपण वर चाललो आहोत की खाली, हे नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. म्हणून त्यांनी माझ्यात एक ॲप घातले. हवा वर उचलू लागली की मी टुकटुक वाजायचो. खाली ढकलू लागली की रडका सूर काढायचो. "हे माझे कान आहेत," असे मास्तर सगळ्यांना सांगत. त्यांची मुलगी माझ्याच आवाजावर घिरट्या घ्यायला शिकली.

पुढे माझी बॅटरी थकली. उंचावरच्या गारठ्यात मी बंद पडू लागलो.

"बाबा, याला आता घरी बसवा," मुलगी म्हणाली. बॅटरी बदलावी, हे कोणाला सुचले नाही. ती नवा फोन घ्यायला गेली, तेव्हा मी तिच्या पर्समध्येच होतो.

"यात हवेच्या दाबाचा सेन्सर आहे ना?" तिने विचारले.

"ताई, यात काय नाही ते विचारा," दुकानदार म्हणाला आणि कॅमेरा दाखवू लागला.

डोंगरावर तिने नव्या फोनवर ॲप उघडले. 'दाबाचा सेन्सर सापडला नाही, उंची उपग्रहावरून मोजत आहे,' अशी बारीक ओळ आली. मास्तर थबकले. एका शिष्याकडे काडेपेटीएवढा वेगळा सेन्सर होता, बिनतारी जोडायचा. पण तो जुन्या पद्धतीचा. नव्या फोनला तो दिसेचना.

"आज राहू दे," मास्तर म्हणाले.

"उंची दाखवतोय की, बाबा! इतका छान वारा पुन्हा मिळेल का?"

मास्तरांनी तिचे पट्टे तपासले आणि ते बाजूला सरले. ती उडाली.

मी मास्तरांच्या खिशात होतो. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "बाबा, मी वर चाललेय म्हणून हा वाजतोय, पण झाडं तर जवळ येतायत!"

उपग्रहावरून येणारा आकडा काही क्षण मागे असतो. हवा तिला केव्हाच खाली ओढू लागली होती आणि नवा फोन अजून मघाचीच चढण सांगत होता.

"वाजू दे त्याला! दरीकडे वळ, पोरी, वळ!"

वळायला उंची उरली नव्हती. ती खडकांवर आदळली.

ती वाचली, पण कमरेखालचे अंग लुळे पडले. मास्तरांनी शाळा बंद केली. वरच्या मजल्यावरची तिची खोली खाली आणावी लागली. परवा तिची पुस्तके आणायला ते जिना चढले. मी खिशात होतो, माझे ॲप चुकून चालू झाले होते. प्रत्येक पायरीला मी टुकटुक वाजलो, अगदी बिनचूक.

"बाबा," खालून आवाज आला, "ते बंद करा ना."

मास्तर जिन्यातच बसले. त्यांनी मला बंद केले.

मित्रांनो, नवा फोन जरूर घ्या. पण ज्याच्या भरवशावर जीव टांगायचा, त्याच्या पोटात काय आहे ते आधी नीट पाहा. दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू नका. जिना चढून पाहा, आवाज वेळेवर येतो का ते ऐका. जुने दुरुस्त होत असेल तर ते करा. आणि मन कचरले, तर पाय जमिनीवर असतानाच ठामपणे नाही म्हणा. मास्तर रोज तिच्या उशाशी बसून मनातल्या मनात तेच 'नाही' म्हणतात. पण आता त्याने काही बदलणार नाही.