तिसऱ्या रांगेतली मान

लहानपणी त्याला घरात ‘कशावरून’ म्हणत. उद्या ऊन पडेल म्हटले, की हा विचारणार, कशावरून. हे नाव ठेवले होते आईच्या माघारी त्याला वाढवणाऱ्या मावशीने. मावशी शिवणकाम करी. ओठांत टाचण्या धरलेल्या असताना तिला हसता येत नसे, म्हणून तो नेमकी तीच वेळ साधून शेजाऱ्यांच्या नकला करी. ती श्वास रोखून नुसत्या डोळ्यांनी हसे. त्याचे पहिले सभागृह म्हणजे ते दोन डोळे.

पुढे काका गेले. मावशीचे यजमान, चष्म्याच्या काचा घासण्याचे काम करणारे, अबोल गृहस्थ. घर इतके निःशब्द झाले की शिवणयंत्रही चोरपावलांनी चालते आहे असे वाटे. मग मावशी ‘निरोप्या’कडे जाऊ लागली. गल्लीत त्याला याच नावाने ओळखत, कारण तो मेलेल्यांचे निरोप आणतो अशी त्याची ख्याती होती. एकदा हाही तिच्यासोबत गेला आणि भिंतीशी बाकावर बसून पाहत राहिला. निरोप्या पाच मोघम गोष्टी बोलायचा. चार वाऱ्यावर जायच्या. पाचवीला मावशीची मान किंचित खाली यायची, आणि तोच धागा पकडून तो पुढचे वस्त्र विणायचा. निरोप मेलेल्यांकडून येत नव्हते. ते तिच्याच मानेतून येत होते.

तेव्हा तो दिवसा औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळी आणि संध्याकाळी छोट्या रंगमंचांवर विनोद सांगत आपटी खाई. त्या आठवड्यात त्याने माइक हातात घेतला आणि मावशी करून दाखवली: मांडीवर पिशवी, डोळ्यांत आशा, आणि डुगडुगणारी मान. लोक हसून लोटपोट झाले. त्या मानेने त्याचे नशीब उघडले. पुढे प्रत्येक प्रयोगात तो आधी स्वतः निरोप्या होई, प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी मनातले ओळखून दाखवी, मग ते कसे साधले ते उलगडून सांगी. आणि शेवटी, टाळ्यांची हमखास जागा म्हणून, भोळी मावशी.

मावशीने ते शेजारणीच्या मोबाइलवर पाहिले. ती रडली नाही, रागावली नाही. दारात उभी राहून तिने एवढेच विचारले, “मी अशी बसते का रे?” त्यानंतर नऊ वर्षे तिने त्याला फोन केला नाही. तो प्रत्येक नव्या कार्यक्रमाचे तिकीट तिला धाडत राहिला, आणि तिची खुर्ची दर वेळी रिकामी राहिली.

आज रविवारची दुपार होती. फर्निचरच्या दुकानावरचे ते सभागृह ऐंशी खुर्च्यांचे. लाकडाच्या भुशाचा वास जिन्यातून वर येत होता. तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन, मावशी बसली होती.

शेवटचा किस्सा वगळायचा, हे त्याने पहिल्याच वाक्यात ठरवले; पण त्याविना कार्यक्रम म्हणजे छप्पर नसलेले घर. चाळीस मिनिटे त्याने कशीबशी निभावली. मग सवयीने जीभ पुढे गेली, आणि त्याने विचारले, जवळचे माणूस गमावलेले कुणी आहे का इथे.

मावशीने हात वर केला.

आता माघार घेणे म्हणजे तिला ऐंशी जणांसमोर नाकारणे. त्याने निरोप्याचा आवाज लावला.

“तुमच्या मनात एक पुरुष आहे.”

“कशावरून?” मावशी म्हणाली.

सभागृह हशाने फुटले, कारण जिन्यातल्या प्रत्येक पोस्टरवर कार्यक्रमाचे नाव म्हणून तोच शब्द होता. तो हसू दाबत पुढे म्हणाला, की त्यांना छातीचे दुखणे होते. ते अर्ध्या जगाला असते, असे उत्तर आले. त्याने तिच्या मानेकडे पाहिले. मान ताठ होती, ओठ मिटलेले, जणू त्यांत टाचण्या धरल्या होत्या. आणि डोळे, देवा, डोळे हसत होते.

“त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे,” तो हरलेल्या आवाजात म्हणाला.

“जिवंतपणी दिवसाला चार शब्द बोलायचे. तिथे गेल्यावर बरं तोंड फुटलं.”

हशा इतका वाढला की खालच्या दुकानातला सुतार जिन्यात येऊन डोकावला. एवढा मोठा हशा त्याने स्वतःच्या बळावर कधी मिळवला नव्हता. हशा ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “ही माझी मावशी. नऊ वर्षं मी हिच्या मानेवर जगलो. हिला न विचारता.” कुणी हसले नाही. त्याने माइक खाली ठेवला आणि कार्यक्रम तिथेच संपवला.

मागच्या खोलीत, घड्या घातलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत, ती एका खुर्चीवर बसली आणि दुसरी त्याच्याकडे सरकवली. त्याने माफी मागितली. तिने ती शिवणीसारखी उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून घेतली.

“मान मीच हलवते, हे मला तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं,” ती म्हणाली. “मी काही दुधखुळी नाही.”

“मग निरोप्याकडे जात का राहिलीस?”

“तो यांच्याविषयी विचारायचा रे. खोटं का होईना, विचारायचा. घरात मी नाव काढलं की तू विषय बदलायचास.”

यावर ‘कशावरून’ म्हणता येत नव्हते. पुरावा तो स्वतःच होता. काकांचे नाव निघाले की तो उठून पाणी प्यायला जाई, हे त्याला आता आठवले; दुःखाला बगल देण्याची ती रीत त्याने आयुष्यभर तर्काच्या नावाखाली सांभाळली होती.

खालून रंधा फिरल्याचा आवाज येत होता, लांब आणि मऊ. तो ऐकता ऐकता त्याने खुर्ची आणखी जवळ घेतली.

“काका काचा घासताना काहीतरी गुणगुणायचे ना?” त्याने विचारले. “काय असायचं ते?”

मावशीची मान किंचित खाली आली. मग ती सांगू लागली.