मी भंगारात जाणार नाही

मी एक जुनं बेअरिंग आहे, आणि मित्रांनो, जुनं म्हणजे निकामी असं समजणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. पुठ्ठ्याच्या कारखान्यात ओले पुठ्ठे सुकवणारा एक भला मोठा पंखा आहे. त्याचा दांडा माझ्या आतल्या कड्यात घट्ट बसतो. ते कडं दांड्याबरोबर फिरतं, बाहेरचं जागच्या जागी राहतं आणि मधल्या पोलादी गोळ्या सगळा भार वाहतात. नऊ वर्षं मी हे काम केलं. कौतुक व्हायचं ते पंख्याचं नाहीतर मोटारीचं. माझं नाव कुणी घेतलं, ते थेट शिव्या घालायलाच.

झालं असं, की गेल्या महिन्यात मी तापू लागलो. देखभालीचे साहेब आले, बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि निकाल देऊन मोकळे झाले, की हे म्हातारं झालंय, काढा आणि टाका भंगारात. भंगाराची गाडी त्याच संध्याकाळी यायची होती. माझा नुसता संताप झाला. अहो, दुखतंय कुठे ते तरी विचाराल की नाही?

मला काढायचं काम मावशींकडे आलं. मावशी म्हणजे आमच्याकडच्या फिटर. वयानं साहेबांहून मोठ्या, त्यांच्या तोंडाला सगळे वचकून. त्यांनी पंख्याचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत हात लावला नाही. मग मी ज्या लोखंडी घरात बसतो त्याचं झाकण उघडलं, तर ग्रीस भसकन बाहेर आलं. माझा जीव त्यातच गुदमरला होता!

मावशींनी पहिल्या पाळीच्या ऑपरेटरला बोलावलं. त्याला सगळे पैलवान म्हणतात. अंगानं दांडगा, मनानं मऊ. ग्रीस कोण देतं असं विचारल्यावर तो अभिमानानं म्हणाला, मीच देतो, रोज न चुकता ग्रीसगनचे चार पंप. मग मावशींनी उरलेल्या दोन पाळ्यांच्या ऑपरेटरना फोन केले. तेही रोज चार-चार पंप देत होते! बाकीचे दोघे आळशी आहेत, अशी तिघांचीही खात्री होती. मला खरं तर महिन्यातून एकदा चार पंप पुरतात. त्या चिखलात गोळ्या घुसळून घुसळून मी तापत होतो, आणि म्हातारा ठरत होतो. पैलवानाचा चेहरा पार उतरला.

मावशींनी मला दांड्यावरून उतरवून धुवायला घेतलं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या, आसपास ठिणगी उडेल असं काही नाही. एका ट्रेमध्ये ग्रीस विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटनं घाण काढली, मग दुसऱ्या स्वच्छ ट्रेमध्ये खळबळून घेतलं. घाण निघेपर्यंत त्यांनी मला फिरवलं नाही, कारण गोळीखाली एक कण आला तरी ओरखडा पडतो.

तेवढ्यात साहेब आले. सुकवायला एवढा वेळ कशाला, म्हणत त्यांनी मला उचललं, आतल्या कड्यात बोट घातलं आणि हवेचा पाइप माझ्यावर सोडला. मी गरगर फिरू लागलो, शिट्टी वाजू लागली. साहेबांना गंमत वाटली. अंगात तेलाचा थेंब नव्हता, वेग वाढत होता. मित्रांनो, मी कुणाला घाबरत नाही, पण तेव्हा मला माझीच भीती वाटली. गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा फुटला असता, तर गोळ्या साहेबांच्या तोंडावरच उडाल्या असत्या.

मावशींनी भिंतीवरचा हवेचा व्हॉल्व्ह बंद केला. शिट्टी थांबली.

"आता तुम्ही मला काम शिकवणार?" साहेब म्हणाले.

"काम नंतर. आधी तुमचे डोळे वाचवतेय. आणि साहेब, हे बेअरिंग मी परत लावणार आहे. तापलं तर माझ्या हातानं गाडीत टाकीन."

साहेबांनी गाडी येईपर्यंतची मुदत दिली.

मावशींनी मला धागे न सुटणाऱ्या कापडावर सुकवलं, लगेच तेल लावलं आणि दिव्याखाली धरून हळूहळू फिरवलं. एक खड्डा नाही, एक डाग नाही. सांगत होतो ना! नवं ग्रीस बेताचंच भरलं, मोकळी जागा राखली. दांड्यावर बसवताना माझ्या आतल्या कड्यावरच जोर दिला, हातोडा कुठेच मारला नाही. पंखा सुरू झाला.

गाडी फाटकात आली, तेव्हा मावशी थर्मामीटर घेऊन माझ्याजवळ उभ्या होत्या. साहेबांचा त्या कमी आकड्यावर विश्वास बसेना. त्यांनी अख्खा तळहात माझ्या घरावर ठेवला, आणि या वेळी तो काढून घेतला नाही. मग स्वतः फाटकापर्यंत जाऊन त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं, इथून काही न्यायचं नाही.

मित्रांनो, मला दया नको, लाडही नकोत. मला काय लागतं ते आधी बघा, आणि तेवढंच द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान सवयीनं ग्रीसगन घेऊन आला. तिचं तोंड माझ्या निपलला, ग्रीस आत जायच्या त्या टोकाला, लावलं आणि थांबला. बराच वेळ तसाच उभा होता. मायेच्या माणसाला हात आवरणं किती जड जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी त्यानं गन खाली घेतली, माझ्या घरावर हलकेच थाप मारली आणि म्हणाला, "आज नाही रे, गड्या."