धोबिणीची गोष्ट, चिक्कीचं कव्हर

“मावशी, हे फाटकं पुस्तक आम्ही जाळायला घेतो. बदल्यात नवं देऊ.”

“जाळाया? सरपण हाय व्हय ते?”

परंदवडी गावात नंदाबाईच्या चुलीपुढं हे भांडण अर्धा तास चाललं होतं, आणि ते माझ्यावरून! मी एक कादंबरी बोलतेय. जन्मानं फ्रेंच, भाषेनं मराठी. बंदरावरची एक धोबीण गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर दोऱ्यानं भरलेली अक्षरं बघून वाचायला शिकते आणि एक पुस्तक मिळवते, ही माझी गोष्ट.

एका मास्तरांनी मला मराठीत आणलं. पुण्यात छापलं. लोणावळ्याच्या बंगल्यातल्या बाईंनी विकत घेतलं. कशाला, तर कपाट भरायला. तीस वर्षं मी तिथं उभी. वाचलं कुणीच नाही, पाहुणे माझ्यावर चहाचे कप तेवढे ठेवायचे. ओल कण्यात शिरली, कसरीनं मुखपृष्ठ खाल्लं, पण माझं एक अक्षर हललं नाही. हलेल कसं? घडणच तशी होती माझी.

बंगला विकला तेव्हा पुस्तकं रद्दीत निघाली. तिथं भांडी घासणाऱ्या नंदाबाईनं मला पदराखाली घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. त्याआधी चिक्कीच्या कारखान्यात खोकी भरायची. खोक्यांवरची नावं बघून बघून तिनं अक्षरं उचललेली. पुढचं सगळं माझ्याकडून शिकली. पहिल्या वाचनाला दोन वर्षं लागली. माझ्या एकशे बाराव्या पानावर तिच्या बोटाचा गुळकट डाग अजून आहे. तो माझा दागिना! मी उघडी पडले म्हणून तिनं मला चिक्कीच्या खोक्याचं कव्हर शिवलं.

त्या कव्हरानंच घात केला. माझ्यावर मराठी सिनेमा निघाला, चित्रीकरणाला नंदाबाईचंच घर ठरलं, आणि दिग्दर्शक गौरवनं मलाच ओळखलं नाही. सिनेमाच्या शेवटी धोबीण पुस्तक चुलीत घालते, असं त्यानं ठरवलेलं. जुनं पुस्तक हवं होतं, कोनाड्यात मी दिसले.

“फ्रेंच कादंबरी आहे मावशी, तुम्हाला नाही कळायचं. तिचं मन मोडतं, म्हणून ती जाळते.”

“सात डाव वाचलीय म्या. तू किती डाव?”

“मी... पटकथा वाचलीय.”

“म्हंजी खोक्यावरचं नाव वाचलंस, चिक्की न्हाई खाल्ली.”

गौरव लाल झाला. “उजेड चाललाय, मावशी,” म्हणत त्यानं मला उचललं. धग लागली तशी माझी पानं आक्रसली, खोटं कशाला सांगू? नंदाबाईनं मला हिसकून घेतलं, कव्हराचा दोरा दातानं तोडला आणि आतलं नाव त्याच्यापुढं धरलं. त्याच्या हातातल्या पटकथेवरही तेच नाव होतं.

“हो, हीच ती. पण हिच्यातच ती पुस्तक जाळते,” तो तरी अडून बसला.

यावर ती एकच वाक्य बोलली, आणि त्यानं शेवट बदलला. आज त्या सिनेमात धोबीण मला उशाशी घेऊन निजते. पडद्यावर मीच आहे, पुन्हा शिवलेल्या चिक्कीच्या कव्हरासकट. सिनेमा बघा, खुशाल बघा, पण आधी मला उघडा. नाहीतर नंदाबाई तुम्हालाही ऐकवेल, त्याला ऐकवलं तेच:

“ती पुस्तक जाळती असं ज्या पानावर लिव्हलंय ते पान दाव, काडी मी सोता लावते.”